यादीबाहेरचे गाव

(स्मृती व्याख्यानमालेत १२ जुलै रोजी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पाटबंधारे खात्यात अभियंते होते, आणि आजची तारीख १२ जुलै. पुण्यात एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. १९६१ साली याच दिवशी पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण सकाळपर्यंत तगवले, म्हणून लोकांना निदान उजेडात पळता आले. पण पानशेतवर अधिकाराने बोलणारे या शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्यासमोर तो विषय काढण्याचे धाडस मी करणार नाही. मला दिलेला विषय आहे आपत्ती व्यवस्थापनात काम करणाऱ्यांचे शिक्षण आणि त्यांच्यापुढचे नवे धोके. पत्रिकेवर तो इतका कोरडा दिसत होता की समोरच्या खुर्च्या भरलेल्या पाहून मला जरा आश्चर्यच वाटले.

सुरुवात इर्शाळवाडीपासून करतो. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावर वसलेली ठाकरांची वाडी. पन्नासच्या आत घरे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, लोक झोपायच्या बेतात असताना, वरचा डोंगर सुटून वाडीवर आला. वर जायला गाडीरस्ता नाही, पायवाट. पाऊस थांबत नव्हता, त्यामुळे हेलिकॉप्टरचा उपयोग नाही. जेसीबी वर नेता येईना, म्हणून माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. मदतीला निघालेला नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढावरच हृदयविकाराने गेला. काही दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसांचा पत्ता नव्हता.

घटनेनंतर विधिमंडळात निवेदन झाले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. विरोधकांना ती सबब वाटली, सरकारला तो खुलासा वाटला. मला त्यात आपल्या व्यवसायाचे अगदी नेमके वर्णन दिसले. वाडी यादीत नव्हती. त्यामुळे तिला नोटीस नव्हती, तिथे तात्पुरत्या स्थलांतराची जागा ठरलेली नव्हती आणि पाऊस वाढल्यावर कोणी तिकडे वळून पाहावे असे कारणही नव्हते. ज्याने आपले काम चोख केले असेल त्या अधिकाऱ्याच्या नजरेतूनही ही वाडी सुटलीच असती. काम चोख करण्याचा अर्थच आपण यादीप्रमाणे करणे असा लावला आहे.

हे आजचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात रंगवलेला होता. पुढे नकाशा बदलला, पहिला पट्टा रद्दच झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्यात गेला. पण मूळ भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये, किल्लारीच्या आसपास लहान हादरे बसले होते. जमिनीखालून आवाज येतात हे गावकरी बोलत होते. नकाशा एक सांगत होता आणि जमीन दुसरे. अशा वेळी अधिकाऱ्याने कुणाचे ऐकायचे, याचे शिक्षण तेव्हा नव्हते. आजही फारसे नाही.

कोणी म्हणेल, या गृहस्थांना याद्याच नको आहेत. तसे नाही. यादीशिवाय सरकारी पैसा हलत नाही, माणूस हलत नाही, रबरी बोट सुद्धा हलत नाही. किल्लारीनंतर महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष उभे केले, आराखडे केले. देशात त्या कामात आपण पुढे होतो आणि पुढे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला तेव्हा आपल्याला फार नवे करावे लागले नाही. माझी तक्रार यादीबद्दल नाही, यादी हातात पडल्यावर डोळ्यांवर जी झापड येते तिच्याबद्दल आहे.

आणि यादीत असण्याचा तरी फायदा किती? कोकणातल्या आणि मावळातल्या अनेक वाड्यांना दर पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस जाते. आपले घर धोक्याच्या जागी आहे, अतिवृष्टीत सुरक्षित ठिकाणी जावे. तलाठी नोटीस देतो, पोलीस पाटील सही घेतो, कागद तहसीलला फाईलला लागतो. लोक जात नाहीत. जुलैत लावणी असते, गोठ्यात जनावरे असतात आणि शाळेच्या वर्गात चार कुटुंबे कोंबल्यावर म्हातारीला संडासला कुठे न्यायचे हा प्रश्न असतो. नोटिशीने जबाबदारी फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेली. आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात स्थलांतराचा पाठ असतो. त्यात वाहनांची संख्या असते, मार्गाचा नकाशा असतो. लावणी नसते, जनावरांच्या वैरणीचा हिशेब नसतो. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे कितीतरी लोक जनावरे सोडून यायला तयार नव्हते, हे बचावाला गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

त्याच पुरात आणखी एक गोष्ट दिसली. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात, कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर. तिथली शाळकरी पोरेसुद्धा पाणी फुटांत सांगतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापूरकराला पाठ असते. अशा जाणकार लोकांचा २००५ च्या पुरावर फार विश्वास होता. तेव्हा पाणी अमक्या पायरीपर्यंत आले होते, म्हणजे आताही तिथेच थांबेल, या हिशेबाने अनेक जण घरात थांबले. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले, २००५ पेक्षा तीन फुटांहून अधिक. तीन फूट म्हणजे वरच्या पायरीवर ठेवलेला गॅस सिलिंडर तरंगू लागणे. म्हणजे यादी सरकारचीच असते असे नाही. लोकांच्या आठवणीचीही एक यादी असते आणि तीही तितकीच फसवते.

या मुद्द्यावर मला जगातले सगळ्यात उपयोगी उदाहरण जपानमधल्या कामाइशी शहराचे वाटते. तोशिताका काताडा हे गुन्मा विद्यापीठातले प्राध्यापक कामाइशीच्या शाळांत काही वर्षे त्सुनामीचे धडे देत होते. त्यांची तीन सूत्रे होती, आणि त्यातले पहिले आपल्या खात्यात कोणी फळ्यावर लिहिले तर त्याला खुलासा विचारला जाईल. ते म्हणतात, आधी बांधलेल्या अंदाजावर विसंबू नका. म्हणजे धोक्याच्या नकाशावरही नाही. दुसरे, त्या क्षणी जेवढे करता येईल तेवढे पुरेपूर करा. तिसरे, पळणाऱ्यांत पहिले व्हा. ११ मार्च २०११ ला उनोसुमाई भागातल्या दोन शाळा नकाशाप्रमाणे सुरक्षित क्षेत्रात होत्या. मुले तरीही धावत सुटली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथेही भरवसा वाटेना, म्हणून आणखी वर गेली. मोठ्या वर्गातल्यांनी लहानांचे हात धरले होते. मागे शाळा पाण्याखाली गेल्या. शहरातली सुमारे तीन हजार शाळकरी मुले, जवळजवळ सगळी, वाचली. काताडांनी नकाशा फाडायला सांगितला नव्हता. नकाशा ओलांडायची परवानगी त्यांनी मुलांना आधीच देऊन ठेवली होती.

आपल्या तहसीलदाराला ती परवानगी कोण देतो? धोका नसताना त्याने रात्री अकराला वाडी खाली केली आणि सकाळपर्यंत काहीच घडले नाही, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘प्रशासनाचा गोंधळ’ छापून येते. खाली केली नाही आणि काहीच घडले नाही, तर कोणी विचारत नाही. पहिल्या प्रकारची चूक माफ करण्याची पद्धत पडल्याशिवाय कुठलेही प्रशिक्षण कामाचे नाही, असे माझे मत आहे. कुणाला ते टोकाचे वाटेल.

आता नव्या धोक्यांकडे वळतो. नवा धोका म्हटला की सायबर हल्ला, ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता असे शब्द येतात. ते खोटे नाहीत. वीज वितरण, रुग्णालये, रुग्णवाहिकेचा फोन, सगळेच संगणकावर आहे. इलेक्ट्रिक वाहनाची बॅटरी पेटली तर जुन्या सवयीने ती विझत नाही, विझली तरी पुन्हा भडकते, हे अग्निशमन दलांना शिकावे लागते आहे. अफवा पसरवायला आता माणूसही लागत नाही. हे सगळे शिकलेच पाहिजे. पण या गोष्टींना निदान स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. मला भीती आहे ती ओळखीच्या वेशात येणाऱ्यांची.

खारघर घ्या. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघड्या मैदानावर लाखो माणसे. उष्माघाताने १४ जण गेले. त्या दिवशी परिसरात नोंदलेले तापमान होते ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातला माणूस हे ऐकून हसेल; चंद्रपूरला ३८ म्हणजे बरा दिवस. पण समुद्राकाठची हवा दमट असते, घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही. त्यात सावली नाही, आणि तासन्‌तास एका जागी बसलेली, श्रद्धेने आलेली आणि म्हणूनच उठून न जाणारी माणसे. गर्दीच्या आराखड्यात चेंगराचेंगरी होती. उष्णतेच्या आराखड्यात विदर्भ-मराठवाडा होता. खारघर या दोघांच्या मधल्या जागेत घडले. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात मोठी जीवितहानी सोसल्यावर २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, तो पुढे देशभर गिरवला गेला. चांगले झाले. पण २०२१ पासूनच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातही आपत्ती निधीच्या केंद्रीय यादीतल्या बारा आपत्तींत उष्णतेची लाट नव्हती. वीज पडणेही नव्हते. शेतात वीज पडून माणूस मेला तर तो कुठल्या रकान्यात बसतो हे राज्यागणिक ठरत होते. पुन्हा यादीच.

घाटकोपरचे तसेच. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात छेडानगरपाशी १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला. १७ माणसे गेली. मुंबईला पावसाचे शिक्षण नाही असे कोणी म्हणणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. त्या एका दिवसाने महापालिकेला शिकवले की एका शहरात एक पाऊस नसतो. मग जागोजागी पर्जन्यमापक लागले, नियंत्रण कक्ष सुधारला, १९१६ हा क्रमांक लोकांच्या तोंडी बसला. त्या कक्षात काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण फलक हा त्यांच्या लेखी जाहिरात परवान्याचा विषय होता, जमीन लोहमार्ग पोलिसांकडची आणि वारा हवामान खात्याचा. बचावपथक पोचले तेव्हा आणखी एक पेच होता. लोखंडी सांगाडा कापायचा, पण खाली पेट्रोलच्या टाक्या. गॅस कटर सरसकट चालवता येत नव्हता. दोन दिवसांनी काम चालू असताना तिथे आग लागलीच. फलक आणि पेट्रोल यांचा एकत्र विचार कुठल्या रंगीत तालमीत झाला असेल असे मला वाटत नाही.

आणि चिपळूण. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचा पूर, त्यात करोनाची साथ. पुराचे पाणी कोविड रुग्णालयात शिरले, वीज गेली आणि तिथल्या आठ रुग्णांचे मृत्यू झाले. पुराच्या आराखड्यात लोकांना एकत्र जमवून सुरक्षित जागी न्यायचे असते, साथीच्या आराखड्यात लोकांना एकमेकांपासून दूर ठेवायचे असते. दोन्ही आराखडे बरोबर होते. त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड आली. रस्ते पाण्याखाली असल्यामुळे तिथे पोचायलाच कितीतरी तास गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपली पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, उत्तम दल आहे, पण घाट बंद पडला की उत्तम दलही घाटाच्या अलीकडेच. पहिले सहा-आठ तास गावचेच असतात.

या तिन्ही ठिकाणी धोका जुनाच होता. ऊन, वारा, पाऊस. नवी होती ती त्यांची गाठ. ही गाठ ज्याला आधी दिसेल तो खरा जाणकार, आणि ते दिसण्यासाठी लागतो एकाच जागी पुरेसा काळ.

इथे मला एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष केले. महाराष्ट्रातला सरकारी बदल्यांचे विनियमन करणारा कायदाही नावाने २००५ चाच. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे धरला आहे. पुष्कळांना तेवढाही मिळत नाही. एका कायद्याने जबाबदारी दिली, दुसऱ्याने ती समजेपर्यंत उचलून नेली. जिल्हाधिकारी जाऊ द्या, त्यांना शंभर कामे असतात. खरी स्मृती असते ती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याकडे. कुठल्या पुलाखाली आधी पाणी येते, कुठला सरपंच रात्री फोन उचलतो, कुठल्या गावच्या बोटीचे इंजिन मागच्या वर्षीपासून बंद आहे, हे त्यालाच माहीत. आणि हा माणूस बऱ्याच जिल्ह्यांत कंत्राटी आहे. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरच्या माणसाने शंभर वर्षांच्या पुराचा विचार करावा अशी आपली अपेक्षा.

परदेशात या व्यवसायाला प्रमाणपत्रे आहेत. अमेरिकेतल्या आपत्ती व्यवस्थापकांच्या संघटनेचे ‘सर्टिफाइड इमर्जन्सी मॅनेजर’ हे प्रमाणपत्र अनुभव, प्रशिक्षणाचे तास आणि परीक्षा पाहून देतात, आणि दर पाच वर्षांनी ते पुन्हा मिळवावे लागते. आपल्याकडे दिल्लीची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात यशदा आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. शिकवणारे चांगले आहेत. अडचण वर्गाबाहेर आहे. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बहुधा तोच पाठवला जातो ज्याच्यावाचून कार्यालयाचे अडत नाही. तो मन लावून शिकतो, परत जातो आणि पुढच्या आदेशात पुरवठा शाखेत किंवा निवडणूक शाखेत जातो. वर्ग आपले काम करतो, बदली आपले. आणि दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसावे लागेल असे पदच नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर लावायला.

शिकण्याचा सगळ्यात मोठा स्रोत मात्र आपण हाताने बंद केला आहे. मोठी घटना घडली की आपण चौकशी नेमतो. चौकशी दोषी शोधते, ते तिचे कामच आहे. पण त्यामुळे घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण कागद जुळवू लागतो. किती वाजता फोन आला, कोणी घेतला, काय वाटले, कशामुळे निर्णय लांबला, यातला ‘काय वाटले’ हा भाग कायमचा नाहीसा होतो. शिकायचे होते ते त्याच भागात. विमानवाहतुकीत अपघाताचा तपास आणि दोषनिश्चिती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. अपघात तपासणारा तो कशामुळे घडला ते शोधतो. शिक्षेचे काम दुसऱ्याचे. आपल्या क्षेत्रात ही फारकत झाल्याशिवाय कोणीही खरे लिहिणार नाही, आणि खरे लिहिले नाही तर पुढच्या अधिकाऱ्याला वाचायला उरते ती फक्त मदतवाटपाची आकडेवारी. मी नव्या अधिकाऱ्यांना विचारतो, तुमच्या आधीच्या माणसाने तुमच्यासाठी काय ठेवले? उत्तर बहुतेकदा एकच मिळते. कपाटाची किल्ली.

रंगीत तालमीबद्दलही थोडे. आपल्याकडे तिची वेळ आधी कळवलेली असते, पाहुणे येतात, सायरन वाजतो, स्ट्रेचरवरचा स्वयंसेवक हसत असतो. अवजारे चालतात की नाही हे त्यातून कळते, एवढाच तिचा उपयोग. निर्णय घेण्याची तालीम वेगळी. चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसतात, त्यांना अर्धवट आणि एकमेकांशी न जुळणारी माहिती तुकड्यातुकड्याने दिली जाते आणि घड्याळ चालू असते. धरणाचा विसर्ग वाढतो आहे, हवामान खात्याचा इशारा पिवळाच आहे, गावातून फोन आला आहे की विहिरीचे पाणी गढूळ झाले. आता बोला. याला खर्च चहाचा येतो. तरी आपण बोटी घेतो, कारण बोटीचे उद्घाटन करता येते.

गढूळ विहिरीचा उल्लेख मी उगाच केला नाही. डोंगराला भेग पडणे, झाडे वाकणे, झऱ्याची जागा बदलणे, पाण्याचा रंग बदलणे ही दरडीची लक्षणे पाठ्यपुस्तकात आहेत, पण ती दिसतात गुराख्याला. दरडीखाली गेलेल्या माळीण गावाची बातमीही ३० जुलै २०१४ च्या सकाळी एसटीच्या चालकाने आणली. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि त्याला गावच दिसेना. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला वाहून गेले. तिथल्या एका संस्थेने शेतकऱ्यांच्या मदतीने जिल्हाभर पर्जन्यमापकांचे जाळे उभे केले होते. त्या आधीचा मुसळधार पाऊस त्या जाळ्यात नोंदला जात होता. माणसे मोजत होती, आकडे होते. आकडा किती झाला की वाडी हलवायचीच, हे ज्याने आधी लिहून ठेवलेले असते त्याच्याच हातात तो आकडा पडला पाहिजे. आपल्या सह्याद्रीत प्रत्येक मंडलात एक पर्जन्यमापक असतो, तो बहुधा पायथ्याच्या गावात. वरच्या वाडीत किती पडला ते कोणालाच माहीत नसते. शाळामास्तराला किंवा आशाताईला एक साधे मापक आणि एक फोन नंबर दिला तर यादीत नसलेली वाडी निदान बोलू तरी लागेल.

शेवटी एका ताज्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. २०२५ साली आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरे यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांची तरतूद त्यात आहे. म्हणजे आपल्या राज्यात दोन डझनांहून अधिक शहरांत नवी यंत्रणा उभी राहू शकते. प्राधिकरणावर कोण बसेल याची चर्चा होईल, ती होऊ द्या. मला रस आहे त्याच्या खालच्या खुर्चीत. ती कायम असेल की कंत्राटी? तिथला माणूस पाच वर्षे हलणार नाही असे नियमात लिहिले जाईल का? त्याला जाहिरातफलकाची, पेट्रोल पंपाची आणि मैदानातल्या सभेची फाईल मागवण्याचा अधिकार असेल का, आणि जाताना पुढच्यासाठी लेखी टिपण ठेवल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करायचे नाही अशी अट घालणार का? सभागृहात महापालिकेत काम करणारी काही मंडळी बसली आहेत, मला दिसताहेत. तुमच्याकडे या नियमांवर मत मागवले गेले तर या चार ओळी लिहून द्या. मागवले नाही, तरी द्या.